इंग्रजीचा पेपर सुटला, पण गॅझेटिअर मिटलेलेच राहिले

१/
आजचा धागा किल्ल्याचा, शिलालेखाचा किंवा लढाईचा नाही. तो कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना सक्तीने शिकवल्या जाणाऱ्या इंग्रजीचा आहे. ठिकाण आपला खानदेश, म्हणजे जळगाव आणि धुळे. यात दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि शेवटी माझे स्पष्ट मतही आहे. धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

२/
सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी १८५२चा खानदेशातील जमीनमोजणीविरोधी उठाव हा विषय घेतला. ब्रिटिश सरकारने नवी मोजणी सुरू करताच सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकरी एकत्र आले. आता साराही वाढणार आणि जमीनही जाणार, अशी त्यांची भीती होती. सरकारने लष्कर आणून तो उठाव शमवला. ज्या फैजपूरला आपण १९३६च्या काँग्रेस अधिवेशनामुळे ओळखतो, त्याच फैजपूरची ही ८४ वर्षे आधीची गोष्ट.

३/
या उठावाचे सरकारी कागद इंग्रजीत आहेत. त्यांत ‘सर्व्हे अँड सेटलमेंट’ हे शब्द पानोपानी येतात. ‘सर्व्हे’ म्हणजे मोजणी, हे ठाऊक होते. ‘सेटलमेंट’चा अर्थ मी शब्दकोशात पाहिला आणि ‘वसाहत, वस्ती’ हा पहिला अर्थ उचलला. त्यावर दोन पाने लिहिली: सरकार बाहेरचे लोक आणून वसवणार म्हणून इथला शेतकरी चिडला! मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहून पाने परत केली: ‘जमाबंदी’.

४/
महसुलाच्या इंग्रजीत ‘सेटलमेंट’ म्हणजे साऱ्याची ठराविक मुदतीसाठी केलेली आकारणी. एका शब्दाच्या चुकीने मी माझ्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी एक खोटे कारण घातले होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही, म्हणून अशा चुका खपून जातात. ही खपली नाही, एवढेच.

५/
आता दुसरी बाजू. बी.ए.च्या तिन्ही वर्षांत मी सक्तीच्या इंग्रजीत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले होते. नेमलेले पाठ्यपुस्तक मात्र मी एकदाही सलग वाचले नव्हते. बाजारात गाईड मिळत असे. त्यात प्रत्येक धड्याचा मराठी सारांश आणि ठरलेल्या प्रश्नांची पाठ करण्याजोगी उत्तरे असत. परीक्षेत तेच प्रश्न येत. वर्गातल्या बहुतेकांची वाट हीच होती आणि ती चोरवाट आहे असे आम्हाला कधी वाटलेही नाही. आमच्या दृष्टीने इंग्रजी शिकणे म्हणजे हेच होते.

६/
म्हणून या धाग्याचा प्रश्न असा: घरी अहिराणी किंवा लेवागणबोली, शाळेत मराठी आणि पदवीचे सर्व विषय मराठीतून, अशा विद्यार्थ्याला इंग्रजी नेमके कशासाठी शिकवायचे? ‘इंग्रजी हवे की नको’ हा वाद आपण दोनशे वर्षे घालत आलो. ‘कशासाठी’ याचे उत्तर मात्र फार थोड्यांनी नेमकेपणाने दिले. आधी तो इतिहास पाहू.

७/
१८१८मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्यातून कारभार पाहू लागला. भाषा शिकण्याची निकड तेव्हा साहेबाला होती. रयतेचा अर्ज कळावा आणि कारकुनावर सर्वस्वी विसंबावे लागू नये, म्हणून कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये निघाला आणि कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७मध्ये. या कोशांमागे विद्याप्रेम होते, तशी राज्याची गरजही होती.

८/
यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. साहेब मराठी शिकला तो एका ठरलेल्या कामासाठी. आधी मराठी काव्याचे रसग्रहण पाठ कर, मग अर्ज वाच, असे त्याला कोणी सांगितले नाही. काम समोर होते आणि भाषा त्या कामाच्या मागोमाग येत होती. आम्हाला इंग्रजी शिकवले गेले ते याच्या अगदी उलट. भाषा समोर ठेवली गेली आणि तिचे काम काय, हे कोणी सांगितलेच नाही.

९/
१८४०च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीतून उच्च शिक्षण देण्यावर होता. जगन्नाथ शंकरशेट आणि जर्व्हिस यांचे म्हणणे असे की, ज्ञान लोकांपर्यंत पोचायचे तर ते लोकांच्या भाषेतूनच पोचेल. शंकरशेट इंग्रजीचे वैरी नव्हते, मुंबईतल्या इंग्रजी शिक्षणाच्या उभारणीत त्यांचा स्वतःचा हात होता. त्यांचा विरोध इंग्रजीला एकमेव दरवाजा करण्यास होता.

१०/
१८५४च्या वुडच्या खलित्याने तडजोड केली: खालचे शिक्षण देशी भाषांत, वरचे इंग्रजीत. १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि काही वर्षांतच त्याच्या परीक्षांतून मराठी बाजूला पडली. न्यायमूर्ती रानडे यांना तिच्या पुनःप्रवेशासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. मराठी ही विद्यापीठात बसण्यास अपात्र भाषा आहे, हा समज याच काळात रुजला. आजही इंग्रजीच्या तासाला मराठी बोलताना विद्यार्थी ओशाळतो, त्याचे मूळ मला इथे दिसते.

११/
पण हे चित्र एकरंगी नाही. सावित्रीबाई फुले यांच्या ‘काव्यफुले’ या १८५४च्या संग्रहात इंग्रजीला माउली म्हणणारी कविता आहे. ज्यांना संस्कृत विद्येचा दरवाजा शतकानुशतके बंद होता, त्यांना इंग्रजी हा एक उघडा दरवाजा वाटला आणि तो तसा होताही. म्हणून ‘इंग्रजी ही गुलामगिरीची खूण, ती टाकून द्या’ असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. टाकून देण्याची चैन ज्याच्यापाशी ती आहे, त्यालाच परवडते.

१२/
याचे सर्वांत बोलके उदाहरण धुळ्यात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. राजवाड्यांनी आपले लेखन निष्ठेने मराठीतच केले आणि इंग्रजीच्या वर्चस्वावर कडाडून टीका केली. आमच्या भागात त्यांचा हा बाणा अभिमानाने सांगितला जातो. त्याचा उत्तरार्ध मात्र गाळला जातो.

१३/
उत्तरार्ध असा: राजवाडे डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेले होते आणि त्यांचे इंग्रजी वाचन अफाट होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे नियतकालिक चालवले. जगातले मोलाचे ग्रंथ मराठीत यावेत, हा त्याचा हेतू होता. त्यांच्यापाशी इंग्रजी वाचण्याची भाषा होती आणि मराठी लिहिण्याची. त्यांनी इंग्रजी नाकारली ती वाचून झाल्यावर. आम्ही न वाचता नाकारतो, म्हणून आमच्या नकाराला त्यांच्या नकाराचे वजन येत नाही.

१४/
दुसरे उदाहरण अमळनेरचे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहीत. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच टिपून घेतली. याच गुरुजींनी टॉलस्टॉयचे कलाविषयक पुस्तक ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणले. मूळ रशियन, हाती आले इंग्रजीतून, वाचकाला मिळाले मराठीत. खानदेशातल्या शिक्षकाने इंग्रजीकडून घेतलेले हे काम आहे: खिडकीचे.

१५/
राजवाडे, साने गुरुजी आणि त्यांच्या पिढीतले अनेकजण इंग्रजी शिकले ते मुख्यतः भाषांतराच्या पद्धतीने. तर्खडकरांची भाषांतरपाठमाला हे त्या पद्धतीचे घराघरांतले पुस्तक. पुढे भाषाशिक्षणाच्या शास्त्राने ही पद्धत जुनाट ठरवली आणि त्या टीकेत तथ्य होते. सुटी वाक्ये उलथीपालथी करून कोणी बोलायला शिकत नाही. पण त्या टीकेबरोबर एक चांगली सवयही गेली. इंग्रजी वाक्याचा अर्थ आपल्या भाषेत नेमका सांगता आला, तरच ते समजले असे मानण्याची ती सवय.

१६/
१९४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत खानदेशातल्या मुलाला महाविद्यालयासाठी बहुधा पुणे-मुंबईची वाट धरावी लागे. मग जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप ही महाविद्यालये निघाली. पुढच्या दशकांत तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये पोचली. शेतकऱ्याची, शेतमजुराची, भिल्ल आणि पावरा वस्तीतली मुले घराण्यात पहिल्यांदाच वर्गात बसली. कलाशाखेचे अध्यापन मराठीत आले. ही मोठी आणि योग्य गोष्ट झाली.

१७/
पण इंग्रजीचा सक्तीचा पेपर तसाच राहिला. त्याची घडण ज्या विद्यार्थ्यासाठी झाली होती, तो सारे विषय इंग्रजीतून शिकणारा होता. त्याच्या हाती इंग्रजी निबंध आणि कविता देणे समजण्यासारखे होते, कारण बाकीचे इंग्रजी त्याला इतर तासांना मिळत होते. आमच्या वाट्याला इंग्रजी येते ते फक्त त्या एका तासात. पाया काढून घेतला आणि कळस तेवढा ठेवला, असे हे झाले. पाया नसलेला कळस मग गाईडच्या टेकूवर उभा राहिला.

१८/
हे कोणाला कळले नव्हते असे नाही. मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील अनुभवावरून १९२६मध्येच मांडले होते की, इथल्या विद्यार्थ्याला सर्वाधिक उपयोगाचे आणि सर्वांत लवकर साधणारे कौशल्य वाचनाचे आहे. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी १९५३ची शब्दयादी सुमारे २,००० शब्दांची आहे. १९५८मध्ये हैदराबादला इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था निघाली. १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगाने इंग्रजीला ग्रंथालयाची भाषा म्हटले. कलाशाखेच्या विद्यार्थ्यासाठी याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

१९/
शासनाचा वाद मात्र ‘कितवीपासून’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या काळात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आले. पुढे ती पाचवीपर्यंत खाली आली आणि २०००मध्ये पहिलीपर्यंत. माझी पिढी पहिलीपासून इंग्रजी शिकलेली आहे. पंधरा वर्षे इंग्रजी शिकूनही मी ‘सेटलमेंट’पाशी अडखळले. तेव्हा दोष वर्षांच्या संख्येत नसावा.

२०/
आता दोन्ही जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यापुढे कोणते इंग्रजी उभे आहे ते पाहा. खानदेशाचे गॅझेटिअर १८८०चे, मुंबई इलाख्याच्या मालेतला बारावा खंड: इंग्रजीत. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणातला खानदेशी बोलीवरचा १९०७चा भाग: इंग्रजीत. स्वातंत्र्यानंतरची सुधारित जिल्हा गॅझेटिअरे, जळगावचे १९६२चे आणि धुळ्याचे १९७४चे: तीही प्रथम इंग्रजीतच. आमची नदी, आमचा कापूस, आमची बोली, आमचे उठाव, सारे त्या पानांत आहे आणि आम्ही कुंपणाबाहेर.

२१/
गॅझेटिअरचे इंग्रजी कथा-कवितांच्या इंग्रजीहून वेगळे आहे. तिथे ‘टँक’ म्हणजे रणगाडा नव्हे, तलाव. ‘फेअर’ म्हणजे गोरा किंवा न्याय्य नव्हे, जत्रा. ‘एलिएनेटेड’ जमीन म्हणजे परकी झालेली नव्हे, जिचा सारा सरकारने सोडून दिला आहे अशी इनाम जमीन. ‘रिमिशन’ म्हणजे साऱ्यातली सूट. असे दोन-तीनशे शब्द आणि पाच-सात प्रकारची वाक्यरचना कळली, की एरवी भिंतीसारखे वाटणारे पान उघडते. हे मी अनुभवाने सांगते. पहिली दहा पाने वाचायला मला तीन आठवडे लागले. पुढची शंभर दोन महिन्यांत झाली.

२२/
त्या दिवसांत मी पारोळ्याच्या नोंदीतला मजकूर घरी आबांना अहिराणीतून सांगत असे. १८५७नंतर इंग्रजांनी तिथला भुईकोट किल्ला निकामी केला, हे सांगताना मी अडखळले, कारण मूळ शब्दाला अहिराणीत काय म्हणावे ते सुचेना. आबा म्हणाले, ‘पाडी टाका म्हन ना!’ मी म्हटले, सगळा नाही पाडला, लढण्याजोगा ठेवला नाही. त्या पाच मिनिटांच्या वादात त्या इंग्रजी शब्दाची जी छटा मला कळली, ती गाईडच्या शंभर पानांत कळली नव्हती.

२३/
इथे बोलीचा मुद्दा येतो. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा नोंदवणारे १८ लाखांहून अधिक आहेत. इंग्रजीच्या वर्गात मात्र या बोलीला अडथळा समजतात. वस्तुतः ती मदतनीस होऊ शकते. प्रमाण मराठीत ‘तो जातो, ती जाते’ असा लिंगभेद आहे; अहिराणीत ‘तो जास, ती जास’. इंग्रजी क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलत नाही. ‘मी जास’ आणि ‘मी जाई राह्यनू’ यांतला फरक आमचे मूल शाळेत येण्याआधीच जाणते. इंग्रजीतले नित्याचे आणि चालू क्रियेचे रूप समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण कोणते? पण ते फळ्यावर लिहिलेले मी कधी पाहिले नाही.

२४/
आमचे विद्यापीठ १९९०मध्ये पुणे विद्यापीठापासून वेगळे झाले आणि २०१८मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेवांसारख्यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली नसती, तर १९५२मध्ये ती छापून आलीच नसती. अक्षर न जाणणाऱ्या बाईच्या नावाच्या विद्यापीठात भाषेचा अध्यापनक्रम निदान एवढ्या विचाराने आखावा: अंगची समज आणि हाती आलेली लिपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आमच्या मुलांत भरपूर आहे. दुसरीची वाट आपण अवघड केली आहे.

२५/
आता माझे मत. कलाशाखेच्या सक्तीच्या इंग्रजीचा पहिला हेतू वाचन हा असावा, आणि ते वाचन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विषयातले असावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने गॅझेटिअरची पाने वाचावीत. मराठीच्या विद्यार्थ्याने ग्रिअर्सनचा खानदेशीवरचा भाग वाचावा. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने संविधानाचे अनुच्छेद इंग्रजी आणि मराठी शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने कापसाच्या बाजाराचा अहवाल वाचावा. इंग्रजीच्या आणि विषयाच्या प्राध्यापकांनी वर्षातून निदान काही तास एकत्र घ्यावेत.

२६/
दुसरे, परीक्षा बदलावी, कारण वर्ग परीक्षेच्या मागे चालतो. पूर्वी न पाहिलेला उतारा द्यावा. शब्दकोश वापरू द्यावा. प्रश्न इंग्रजीत असावेत, पण आकलनाची उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा असावी. एखाद्या परिच्छेदाचे मराठी भाषांतर आणि ‘हा शब्द इथे या अर्थाने का घेतलात’ असा एक प्रश्न ठेवावा. अशा पेपरासाठी गाईड छापता येत नाही. पाठांतराला बक्षीस मिळणे थांबले, की पाठांतर आपोआप थांबेल.

२७/
आक्षेप पहिला: ‘नोकरीला बोलता येणारे इंग्रजी लागते, वाचन घेऊन काय करायचे?’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. मुलाखतीत तोंडाला कोरड पडते, तो अपमान मीही सोसला आहे. पण साठ-सत्तर जणांच्या वर्गात आठवड्यातल्या मोजक्या तासांत बोलणे शिकवू, असे म्हणणे म्हणजे विद्यार्थ्याची फसवणूक आहे. गावोगावच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासमधली पाठ केलेली वाक्ये पहिल्या उलटप्रश्नाला संपतात. ज्याने वाचलेले आहे, त्याच्यापाशी बोलायला निदान मजकूर असतो. बोलणे लहान गटांत, वाचलेल्या मजकुरावरच घ्यावे. तेही हवेच, पण दुसऱ्या पायरीवर.

२८/
आक्षेप दुसरा: ‘इंग्रजीच्या तासाला मराठी आणली, तर विद्यार्थी इंग्रजीत विचार कधी करणार?’ ज्याला वाक्यच कळलेले नाही, तो कोणत्याच भाषेत विचार करत नसतो. मराठी ही वर्गात कुबडी होऊ नये, हे मान्य. पण शिक्षकाने धड्याचा मराठी सारांश सांगणे ही कुबडी, आणि विद्यार्थ्याने स्वतः अर्थ लावून तो मराठीत मांडणे हे चालणे. दोन्हीकडे मराठीच आहे, पण पहिल्यात श्रम शिक्षकाचे आहेत, दुसऱ्यात विद्यार्थ्याचे.

२९/
आक्षेप तिसरा: ‘आता फोन क्षणात भाषांतर करून देतो.’ देतो, आणि मीही वापरते. पण त्याने दिलेला अर्थ त्या पानावर बसतो की नाही, हे ठरवायला मूळ वाक्य वाचता यावे लागते. माझी ‘सेटलमेंट’ची चूक शब्दकोशाने केली नव्हती. कोशात तो दुसरा अर्थही होता. निवडण्याइतके वाचन माझ्यापाशी नव्हते. साधन कोणतेही असो, ती निवड वाचणाऱ्यालाच करावी लागते.

३०/
आक्षेप चौथा इंग्रजी साहित्याच्या मित्रांचा: ‘मग कविता, कथा काढून टाकायच्या?’ मुळीच नाही. पण साहित्य ज्यांनी निवडले आहे, त्यांना ते मनापासून शिकवावे. सक्तीच्या वर्गात कविता गाईडमधून पाठ करून घेणे, हा इंग्रजी शिक्षणाचा आणि कवितेचाही अपमान आहे. खानदेशातल्या सांगवीत जन्मलेले भालचंद्र नेमाडे अनेक वर्षे इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांच्या ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’मधला चांगदेव पाटीलही इंग्रजीच शिकवतो. लहान गावातल्या महाविद्यालयात त्या विषयाची काय गत होते, हे ज्याला पाहायचे आहे त्याने त्या कादंबऱ्या वाचाव्यात.

३१/
हे सारे इतक्या आग्रहाने मांडण्याचे कारण माझ्या गुणपत्रिकेत नाही. महाविद्यालयीन अध्यापनासाठी असलेल्या नेट परीक्षेत इतिहासाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. संशोधनाचे बहुतेक संदर्भ इंग्रजीत आहेत. याचा परिणाम असा की, खानदेशाचा इतिहास लिहिण्याची ताकद बहुधा त्यांच्याकडे राहते, ज्यांना खानदेशाची बोली येत नाही. आणि ज्यांना सावदा-फैजपूरच्या शेतकऱ्याचा शब्द ऐकताक्षणी कळतो, त्यांना त्याच्यावरचा सरकारी कागद वाचता येत नाही. उठावाची एक बाजू कागदात आहे, दुसरी लोकांच्या तोंडी. दोन्ही वाचणारी माणसे तयार करणे हे याच दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे काम आहे. बाहेरून कोणी येऊन ते करणार नाही.

३२/
माझा लघुप्रबंध पूर्ण झाला. ती दोन पाने मी फाडली नाहीत, वहीत तशीच ठेवली आहेत, समासातल्या ‘जमाबंदी’सह. यंदा गावाकडच्या तीन मुलांना रविवारी गॅझेटिअरचे एकेक पान घेऊन बसते. पहिल्या दिवशी ‘टँक’ या शब्दावर एकाने विचारले, ‘ताई, तवय आपलाकडे रणगाडा व्हतात का?’ सगळे हसलो. मग त्यानेच पुढचे वाक्य वाचले, त्यात पाण्याचा उल्लेख होता, आणि तो म्हणाला, ‘नही, हाई तं तळं शे.’ शब्दकोशाला कोणी हात लावला नव्हता.

धागा इथे संपवते. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपले अनुभव खाली जरूर लिहावेत. तथ्यात कुठे चूक आढळली, तर तीही दाखवावी. दुरुस्ती याच धाग्यात जोडेन. पुढचा धागा १८५२च्या उठावावर.